पुढच्या सीटवर आई

फोस्को लुनार्दीची आई म्हणजे त्याचा परवाना होता. असं कुणी त्याच्या तोंडावर म्हटलं असतं तर तो अंगावर धावून गेला असता, पण खरं ते खरं. रोज सकाळी साडेनऊला तो आर्जिआबाईंना गाडीत पुढच्या सीटवर बसवायचा, पट्टा लावायचा, काचेमागे निळं कार्ड ठेवायचा आणि शहराभोवतीच्या जुन्या तटाच्या दरवाज्यातून लुक्कात शिरायचा. दरवाज्यावरचा कॅमेरा गाडीचा नंबर बघायचा, तो त्याला यादीत सापडायचा, आणि मग कॅमेऱ्याचं काही म्हणणं नसायचं. मागून एखादी जर्मन नाहीतर डच गाडी यायची, टपावर सायकली बांधलेली. आपल्या पुढचा गेला म्हणजे आपणही जावं अशा हिशेबाने तीही बिनधास्त शिरायची. त्यांना काही महिन्यांनी घरी दंडाचं पत्र जायचं. फोस्कोच्या घरी वर्षभरात एकही पत्र आलं नव्हतं.

नियम तसे सरळ होते. आत राहणाऱ्याला परवाना. हॉटेलात उतरलेल्या पाहुण्याचा नंबर हॉटेलवाला कळवतो. माल पोचवणाऱ्याला सकाळी दहापर्यंत मुभा. बाकी सगळ्यांनी तटाबाहेर गाडी लावायची आणि चालत यायचं. फोस्को जन्मला आत, शाळेत गेला आत, पहिलं भांडण आणि पहिलं प्रेम दोन्ही आतच केलं. पण गेली वीस वर्षं तो राहायचा सान कोंकोर्दिओत, तटापासून हाकेच्या अंतरावर, पण बाहेर. म्हणजे कायद्याच्या लेखी तोही त्या सायकलवाल्या जर्मनाइतकाच परका.

आणि धंदा कसला, तर कॉफीची मशीनं दुरुस्त करण्याचा. आता कॉफीचं मशीन काय सकाळी आठला बिघडतं? मुळीच नाही. ते बिघडतं अकराला, दुकानात पाय ठेवायला जागा नसते तेव्हा. मग दुकानदाराचा फोन येतो, आणि त्याला माणूस दहा मिनिटांत हवा असतो. फोस्कोने सोळा वर्षं हा माणूस होऊन दाखवलं होतं. तटाबाहेर गाडी लावायची, ढकलगाडीवर मोटर, पितळी टाकी, हत्यारांच्या दोन पेट्या चढवायच्या आणि दगडी फरशीवरून खडखडत न्यायच्या. त्यात त्याच्या कमरेचे दोन मणके कामातून गेले. आणि मागच्याच्या मागच्या वर्षी व्हियारेज्जोहून एक तरणाबांड गडी आला, विजेवर चालणारी, म्हणून आत न्यायला मुभा असलेली तीनचाकी घेऊन. फोस्कोची सहा गिऱ्हाइकं त्याने बघता बघता पळवली. फोस्को तेव्हा छपन्न वर्षांचा होता. तीनचाकी घेण्याचं त्याचं वय नव्हतं आणि काम सोडण्याचंही नव्हतं.

अशात गेल्या मार्चमध्ये त्याच्याकडेच राहणाऱ्या आर्जिआबाई वरच्या फळीवरचं पातेलं काढायला स्टुलावर चढल्या आणि पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चाकाची खुर्ची आली, आणि त्या सगळ्यासोबत आलं हे अपंगांसाठीचं निळं कार्ड. मुदत एक वर्ष. कार्ड बाईंच्या नावाचं. बाई गाडीत असतील तर गाडी कुठल्याही दरवाज्यातून आत जाणार, पिवळ्या पट्ट्यांच्या राखीव जागेत उभी राहणार. बाई नसतील तर कार्ड नुसता कागद.

पहिल्यांदा फोस्को आईला खरंच आईसाठीच घेऊन गेला. सान मिकेले चौकात गाडी लावली, तिला कॉफी पाजली, मनुकांचा पाव खाऊ घातला. आर्जिआबाईंना तीन महिन्यांनी आपला चौक दिसला, त्या रडल्याच. तेवढ्यात उगोचा फोन आला. उगोचं कॉफीचं दुकान चौकातच. फोस्को आईला गाडीत बसवून गेला, वीस मिनिटांत काम करून आला. ढकलगाडी नाही, खडखडाट नाही, कंबर शाबूत. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आई, चल जरा फिरवून आणतो." तिसऱ्या दिवशी काही म्हणालाच नाही, नुसता तिचा कोट घेऊन उभा राहिला.

बाईंचीही तक्रार नव्हती. काच अर्धी खाली करून त्या कोड्यांचं मासिक सोडवत बसायच्या. जुन्या ओळखीच्या बाया थांबून बोलायच्या. पण एक तासाचे दोन झाले, दोनाचे तीन झाले. मंगळवारी आणि शुक्रवारी बारा वाजता पायाच्या व्यायामाला जायचं असायचं, ते सप्टेंबरात एकदा चुकलं, मग दोनदा, मग फोस्कोने फोनवर सांगून टाकलं की आई थकते हल्ली, सध्या राहू दे. आई फोनपासून दोन हातांवर बसली होती.

आता पुन्हा मार्च आला होता. कार्डाची मुदत महिनाअखेर संपत होती, आणि गुरुवारी सरकारी डॉक्टरांपुढे तपासणी होती. फोस्कोला आठवडाभर झोप नीट लागली नव्हती. कार्ड वाढवून मिळालं तर धंदा राहणार होता. नाही मिळालं तर पुन्हा ती ढकलगाडी. तो जेवता जेवता उठायचा, गॅलरीत जायचा, परत यायचा, परत उठायचा.

सोमवारी जिन्यात खालच्या मजल्यावरची मोरेना भेटली.

"फोस्को, अभिनंदन हं," ती म्हणाली. "काल दुपारी तुमची आई लिफ्टने खाली आली आणि अंगणातून कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेली. एकटी. काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि नुसती गेली. मी खिडकीत होते, टाळ्याच वाजवल्या मी."

चांगल्या मुलाने ही बातमी ऐकून काय करायला हवं होतं हे फोस्कोलाही ठाऊक होतं. तो हसला, हो का, वा, असं काहीतरी पुटपुटला आणि दोन दोन पायऱ्या टाकत वर गेला. मनात एकच होतं: गुरुवारला तीन दिवस राहिलेत आणि ही बया चालायला लागलीय. आपल्याच आईला मनातल्या मनात बया म्हटल्याचं त्याच्या लक्षातही आलं नाही.

"आई, मोरेना काय म्हणत होती?"

"मोरेनाला काय धंदा आहे दुसरा," आर्जिआबाई म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा फुलला होता. "नाक खुपसलंच तिने. तुला मी गुरुवारी दाखवणार होते, डॉक्टरांच्या समोर. अठ्ठावीस पावलं. मोजलीत मी."

"कधी शिकलीस?"

"दुपारी. तू जेवून गेलास की. आधी ओट्याला धरून, मग खुर्चीला धरून, मग काही न धरता. दोनदा पडता पडता वाचले, पण ते तुला नाही सांगायचं." त्या हसल्या. "उन्हाळ्यात तटावर फिरायला जाणार मी. पूर्वी जायचे तशी. अख्खी फेरी नाही होणार, पण एका दरवाज्यापासून दुसऱ्यापर्यंत तरी."

तटावर गाड्या जात नाहीत. तिथे सगळे पायीच हिंडतात. फोस्कोने मान डोलावली आणि नळ विनाकारण उघडून बंद केला.

मंगळवारी सकाळी तो कोट घेऊन उभा राहिला तर बाई म्हणाल्या, "आज नाही येत मी. गुरुवारपर्यंत घरीच सराव करते. बसून बसून पाय आखडतात रे गाडीत."

"अगं तासाभराचं काम आहे."

"तुझा तास मला माहीत आहे, फोस्को. जा तू."

तो एकटाच गेला. कार्ड काचेमागे, शेजारची सीट रिकामी. चौकात पिवळ्या पट्ट्यांत गाडी लावली, उगोच्या मशीनचा पंप बदलला, बाहेर आला तर गाडीपाशी इव्हाना उभी. इव्हाना वाहतूक पोलिसात होती, आणि शाळेत त्याच्या पुढच्या बाकावर बसायची.

"आर्जिआमावशी कुठे?" तिने विचारलं.

"आत. उगोकडे. बाथरूमला गेलीय."

"बरं. थांबते मी. बऱ्याच दिवसांत बोलणं नाही झालं."

ती खरंच थांबली. हाताची घडी घालून, उगोच्या दारावर नजर ठेवून. फोस्कोने हत्यारांची पेटी डिकीत ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. एक परदेशी जोडपं नकाशा घेऊन इव्हानाकडे आलं, गाडी आत आणली तर चालेल का विचारायला. आणलीच होती त्यांनी, कोपऱ्यावर उभी होती. इव्हानाने त्यांना हॉटेलचं नाव विचारलं, नंबर कळवून घ्या म्हणाली, बाहेर जायचा रस्ता हाताने दाखवला आणि परत येऊन तशीच उभी राहिली. सात मिनिटं झाली.

"बराच वेळ लागतोय," ती म्हणाली.

"वय झालंय तिचं."

"फोस्को, शाळेतही तुला धड थाप मारता यायची नाही. ती आज तुझ्याबरोबर नाहीये."

त्याने खाली बघितलं. इव्हानाने पुस्तक काढलं, दंडाची पावती लिहिली, फाडून त्याच्या हातात दिली. "पुन्हा मावशी नसताना हे कार्ड दिसलं तर जप्त करीन. ओळखपाळख बाजूला. हे झालं नियमाचं. आता जे नियमात नाही ते सांगते. ती म्हातारी रोज तीन तास गाडीत बसून असते. मला दिसतं ते. त्यासाठी पावती फाडता येत नाही, नाहीतर कधीच फाडली असती. अरे, कार्ड तिला हिंडता यावं म्हणून दिलंय. तू तिला सामानासारखी आणून ठेवतोस."

"तिला आवडतं इथे."

"विचारलंस कधी?"

"चालता येत नाही तिला," फोस्को म्हणाला. घाईघाईत, दार लोटावं तसं.

"एक पाऊलही?"

"एक पाऊलही नाही."

इव्हानाने त्याच्याकडे क्षणभर बघितलं, पुस्तक खिशात घातलं आणि त्या चुकलेल्या जोडप्याच्या मागे गेली. ते पुन्हा उलट्याच गल्लीत शिरले होते.

बुधवारी फोस्कोने काम घेतलं नाही. आईशिवाय गाडी आत नेता येत नव्हती आणि तिला चल म्हणवत नव्हतं. उगोचे दोन फोन येऊन गेले. दुसऱ्यांदा उगो म्हणाला, "हे बघ, मला तू आवडतोस, पण गिऱ्हाईक तुझ्यासाठी थांबत नाही. तुला जमत नसेल तर तीनचाकीवाला आहेच." फोस्को गाडी घेऊन निघाला आणि तटाच्या बाहेरच्या रस्त्याने गोल फिरत राहिला. एक फेरी झाली, दुसरी झाली. प्रत्येक दरवाज्यापाशी वेग कमी व्हायचा, पाटी दिसायची, कॅमेरा दिसायचा, मागचा हॉर्न मारायचा, की पुन्हा पुढे. वर तटावर माणसं चालत होती, बाबागाड्या ढकलत होती, कुणी पळत होती. त्याला त्या सगळ्यांचा राग आला. चौथ्या फेरीला त्याने स्वतःलाच एक शिवी हासडली आणि घरी गेला. आई स्वयंपाकघरात उभी होती, ओट्याला न धरता, आणि कांदा चिरत होती. तो आल्याचं दिसताच तिने मुद्दाम सुरी उंच करून दाखवली. बघ, दोन्ही हात मोकळे.

गुरुवारी सकाळी आर्जिआबाई तासभर आधी तयार होऊन बसल्या होत्या. निळा झगा, ओठांना थोडा रंग, आणि पायात नाडीचे बूट. वर्षभर त्या घरातल्या मऊ सपाता घालूनच गाडीत बसायच्या. नाडीचे बूट कपाटात तळाशी होते, ते त्यांनी स्वतः वाकून काढले होते, पुसले होते, स्वतः बांधले होते.

फोस्कोने चाकाची खुर्ची डिकीत टाकली.

"ती कशाला?" बाईंनी विचारलं.

"असू दे. दवाखान्यात लांबच लांब व्हरांडे असतात."

रस्त्यात दोनदा त्याने बोलायला तोंड उघडलं आणि दोनदा रेडिओ लावला. दवाखान्याच्या फाटकाशी आल्यावर मात्र आता बोललं नाही तर संपलं, असं त्याला झालं.

"आई, डॉक्टरांसमोर फार उत्साह नको दाखवूस."

"म्हणजे?"

"म्हणजे, एखाद दिवशी तू थकलेली असतेस ना. तशी. आजच्यापुरतं. कार्ड गेलं तर मला पुन्हा ढकलगाडी ओढावी लागेल. माझी कंबर तुला ठाऊक आहे. उगो तर उद्याच दुसरा माणूस धरेल." तो समोरच्या काचेकडे बघून भरभर बोलत होता. "एकदा कार्ड मिळू दे. मग तू हवी तितकी चाल. कोण विचारतंय."

आर्जिआबाईंनी हातरुमाल काढला आणि ओठांचा रंग हळूहळू पुसून टाकला. फोस्कोला ते दिसलं. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं की राहू दे आई, चाल तू, पळ तू. पण तो उतरला आणि त्याने खुर्ची उघडली. बाई त्याच्या मदतीशिवाय तिच्यात बसल्या.

डॉक्टर तरुण होते, घाईतले, पण माणूस बरा. त्यांनी गुडघा वाकवून बघितला, मांडी दाबून बघितली, पाय उचलायला लावला.

"स्नायू छान आहेत हो," ते म्हणाले. "खुर्चीत बसून असणाऱ्या माणसाचे इतके छान नसतात. आजी, उठून दाखवता का? मी धरतो. इथून त्या खिडकीपर्यंत."

खिडकी दहा पावलांवर होती. आर्जिआबाईंनी बुटांकडे बघितलं. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट होते, कोपरं ताठ झाली होती, जणू आता उठतीलच. मग कोपरं ढिली पडली.

"नाही जमत," त्या म्हणाल्या.

"प्रयत्न तर करा."

"भीती वाटते, डॉक्टर."

डॉक्टर फोस्कोकडे वळले. "तुम्ही घरी बरोबर असता. घरी चालतात का? दोन पावलं तरी?"

फोस्कोच्या खिशात फोन थरथरायला लागला. उगोच असणार, अकरा वाजत आले होते. आई त्याच्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ती नुसती वाट बघत होती, लहानपणी तो पाढे म्हणताना अडला की बघायची तशी, आता आठवेल याला. फोन थांबला, पुन्हा सुरू झाला.

"नाही," फोस्को म्हणाला. "एक पाऊलही नाही."

डॉक्टरांनी लिहायला घेतलं. "मग उगाच दर वर्षी हेलपाटे नकोत. पाच वर्षांचं देतो. आणि व्यायामाला तुमचं नाव अजून यादीत दिसतंय. वर्ष झालं, फरक नाही, तर ते बंद करू या. बरेच लोक रांगेत आहेत. चालेल ना, आजी?"

"चालेल," आर्जिआबाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी फक्त एकदा विचारलं, "पाच वर्षं म्हणाले ना?" फोस्को हो म्हणाला. त्या म्हणाल्या, "तोवर मी अठ्ठ्याऐंशीची होईन," आणि पट्टा स्वतः लावून घेतला.

फोन उगोचाच होता. मशीनमधून पाणी गळत होतं, दुकान भरलं होतं. फोस्को दवाखान्यातून सरळ दरवाज्याकडे गेला, कॅमेऱ्याखालून आत शिरला, चौकातल्या पिवळ्या पट्ट्यांत गाडी लावली. काच अर्धी खाली केली. आज मासिक आणलं नव्हतं. "पाच मिनिटं," तो म्हणाला आणि पळाला.

काम सव्वा तासाचं निघालं. रबरी चकती फाटली होती, ती बदलता बदलता त्याचे हात भाजले, स्क्रू दोनदा हातातून निसटला. उगो म्हणाला, "आलास म्हणून वाचलो, बाबा." फोस्कोला ते ऐकू आलं आणि बरं वाटलं नाही. तो हात न धुताच बाहेर आला. चौकात ऊन होतं, शाळेतली पोरं आइस्क्रीम खात होती, पर्यटक चर्चच्या पायऱ्यांवर पाय पसरून बसले होते. आई गाडीत होती तशीच होती, हात मांडीवर, नजर समोर.

त्याने तिच्या बाजूचं दार उघडलं.

"चल आई, उतर," तो म्हणाला. "उगोच्या दुकानापर्यंत चालत जाऊ. दहा-बारा पावलंच आहेत. मी हात धरतो. नाहीतर नको धरायला, तू एकटी चाल, मी मागे राहतो. कॉफी पिऊ. मग तटावर जाऊ, आजच जाऊ. चल."

त्याने हात पुढे केला. आर्जिआबाईंनी त्या हाताकडे बघितलं, मग त्याच्या खांद्यावरून पलीकडे चौकाकडे. कमानीखाली इव्हाना उभी होती, एका गाडीवाल्याला बाहेरचा रस्ता दाखवत. पलीकडच्या बाकावर दोन ओळखीच्या बाया बसल्या होत्या, त्यांतल्या एकीने हात हलवला. बाईंनीही हलवला.

"नको रे बाळा," त्या हळूच म्हणाल्या. "कुणी बघेल."

मागून कुणीतरी वाट मागितली, तेव्हा फोस्कोने दार लावलं.